एअरोटर, ८५ डेसिबल आणि चुकलेला प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीत माझी धाकटी मावसबहीण घरी आली होती. ती एका डेंटल कॉलेजात पेडोला, म्हणजे लहान मुलांच्या दातांच्या विभागात एमडीएस करतेय. फराळाचं ताट बाजूला सरकवून तिने लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "ताई, तू आवाजाचंच काम करतेस ना? माझा सिनॉप्सिस बघ जरा. सोमवारी द्यायचाय." विषय होता: बालदंतचिकित्सा विभागातील उपकरणांच्या आवाजाची पातळी आणि श्रवणसुरक्षा.

माझी पीएचडी दातांवर नाही. मी एमएस्सी फिजिक्स केलं आणि आता शाळेच्या वर्गातल्या आवाजावर काम करतेय. पण डेसिबल म्हणजे डेसिबल, मग तो वर्गातला असो की दवाखान्यातला. मी तिचा सिनॉप्सिस वाचला, आणि तिने संदर्भासाठी जमवलेले डझनभर पेपरही वाचले. दोन दिवस त्यातच गेले. तिसऱ्या पेपरपासून मला वाटायला लागलं की मी एकच पेपर पुन्हा पुन्हा वाचतेय. शहर वेगळं, मीटर वेगळा, पण मांडणी तीच, वाक्यं जवळजवळ तीच, आणि चुकाही त्याच.

ही पोस्ट त्या साच्याबद्दल आहे. एका पेपरवर किंवा एका लेखकावर मी बोट ठेवणार नाही, कारण दोष एकाचा नाही. तुमच्यातले बरेच जण पेट किंवा नेट देऊन येत्या वर्षात स्वतःचा सिनॉप्सिस लिहिणार आहात. तुमचा विषय दातांचा नसेल, कदाचित पाण्याचा असेल, मातीचा असेल, मोबाईलच्या रेडिएशनचा असेल. पण "मोजा, मर्यादेशी तुलना करा, निष्कर्ष काढा" हा साचा तिथेही तुमची वाट बघत बसलेला असणार आहे.

साचा असा असतो

सुरुवातीला एक परिच्छेद: ध्वनिप्रदूषण ही गंभीर समस्या आहे. मग: दंतचिकित्सेत एअरोटर, मायक्रोमोटर, स्केलर, सक्शन, कॉम्प्रेसर अशी आवाज करणारी उपकरणं असतात. मग: मुलांचे कान नाजूक असतात. मग साउंड लेव्हल मीटर किंवा मोबाईलचं ॲप घेऊन प्रत्येक उपकरणाचा आवाज मोजायचा, सरासरी काढायची, उपकरणांमध्ये तुलना करायची, पी-व्हॅल्यू द्यायची. शेवटी ८५ डेसिबलशी तुलना. आकडा खाली आला तर "सुरक्षित", वर गेला तर "श्रवणहानीचा धोका". दोन्ही वेळा शेवटचं वाक्य एकच: याबाबत जनजागृती आवश्यक आहे.

आता टीका करायची तर आधी बरोबर काय आहे ते सांगितलं पाहिजे. प्रश्न मुळात फालतू नाही. एअरोटर म्हणजे हवेच्या दाबावर फिरणारं इवलंसं टर्बाइन. अमेरिकेत जॉन बॉर्डन यांनी १९५७ मध्ये ते बाजारात आणलं आणि दात कोरण्याचा वेळ एकदम कमी झाला. ते मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं. समजा ३,६०,००० फेरे धरले, तर सेकंदाला ६,००० झाले. म्हणजे त्या शिट्टीचा मुख्य सूर ६,००० हर्ट्झच्या आसपास पडणार. दातावर टेकला की वेग कमी होतो आणि सूर खाली उतरतो. इकडे आवाजाने होणारी श्रवणहानी आधी दिसते ती ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यात. त्यामुळे शंका येणं अगदी रास्त आहे. रास्त शंकेला चुकीच्या पद्धतीने तपासलं जातं, हे माझं म्हणणं आहे.

८५ हा आकडा कुणाचा?

अमेरिकेतली निऑश ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी संस्था. तिच्या १९९८ च्या शिफारशीत ८५ डेसिबल येतो, आणि तो एकटा येत नाही. पूर्ण वाक्य साधारण असं आहे: प्रौढ कामगाराने दिवसाला ८ तास, सरासरी ८५ डेसिबल-ए, आणि हे नोकरीची ४० वर्षं. (डेसिबल-ए म्हणजे माणसाच्या कानाच्या संवेदनक्षमतेप्रमाणे वजन दिलेला डेसिबल. यापुढे मी नुसतं डेसिबल म्हणेन.) शिवाय ८५ ला धोका शून्य आहे असंही ती संस्था म्हणत नाही. ४० वर्षांनंतर साधारण ८ टक्के कामगारांना आवाजामुळे जादा श्रवणहानी होईल, असा तिचाच अंदाज आहे. ९० डेसिबलला तो २५ टक्के आणि ८० ला १ टक्का. म्हणजे ८५ ही अलीकडे सुखरूप आणि पलीकडे बहिरेपण अशी लक्ष्मणरेषा नाहीच. "इतका धोका आपण चालवून घेऊ" असा तो एक व्यवहार आहे.

त्यात आणखी एक नियम आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की परवानगीचा वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. अमेरिकेचाच कायदा राबवणारी ओशा ही संस्था मात्र ९० ला ८ तास देते आणि ५ डेसिबलला वेळ निम्मा करते. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांतही ८ तासांना ९० आहे. तेव्हा "मर्यादा ओलांडली" असं लिहिताना कुणाची मर्यादा आणि किती वेळासाठी, हे दोन्ही लिहावंच लागतं.

आता हे मुलाला लावून बघा. सहा वर्षांचं मूल खुर्चीवर बसलंय. समजा त्याच्या कानाशी एअरोटरचा आवाज ८५ डेसिबल आहे आणि तो एकूण १५ मिनिटं चालला. परवानगी ४८० मिनिटांची, मिळाली १५. म्हणजे दिवसाच्या वाट्याचे ३ टक्के. आवाज ९१ धरला तरी १२० पैकी १५ मिनिटं, साडेबारा टक्के. तुम्ही म्हणाल, ही मर्यादा प्रौढांची आहे, मुलांना कशी लावता? बरोबर. मग कडक मर्यादा घेऊ. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी हेडफोनवर सुरक्षित ऐकण्यासाठी जे मानक केलंय, त्यात मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल असा हिशेब आहे. ३ डेसिबलच्या नियमाने तेच ८५ ला आठवड्याला साधारण ४ तास होतात. २४० मिनिटांपैकी १५ म्हणजे सहा टक्क्यांच्या जरा वर. आणि हे मूल दर आठवड्याला येत नाही, वर्षातून चार-पाचदा येतं.

म्हणजे एअरोटरचा ८५ हा आकडा मीटरवर दिसला म्हणून मुलाच्या कानाला कायमचा धोका, हे वाक्य हिशेबात बसत नाही. आणि ८२ दिसला म्हणून सगळं आलबेल, हेही बसत नाही, कारण ज्याला तो आवाज रोज सहा तास ऐकावा लागतो त्याचा विचारच केलेला नाही. पातळी मोजली, वेळ मोजलाच नाही. डोस न सांगता नुसती गोळीची ताकद सांगण्यासारखं झालं हे.

आणखी एक आकडा या पेपरांत हमखास भेटतो: ५० डेसिबल. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० आणि रात्री ४० असं आहे, आणि रुग्णालयांभोवतीचं १०० मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र ठरवता येतं. पण हा नियम बाहेरच्या परिसराचा आहे, भोंगे आणि हॉर्न यांच्यासाठी. आतल्या खोलीत एअरोटर ५० च्या वर गेला म्हणून नियमभंग झाला, असं लिहिणं म्हणजे रस्त्यावरची वेगमर्यादा स्वयंपाकघरातल्या मिक्सरला लावण्यासारखं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रुग्णालयातल्या उपचारखोलीसाठी आकडाच दिलेला नाही, "शक्य तितका कमी" एवढंच म्हटलंय. संदर्भ म्हणून ज्याचं नाव देता, ते मूळ कागद एकदा उघडून बघा. बऱ्याचदा आकडा दुसऱ्याच्या पेपरातून उचललेला असतो आणि त्यामागचा संदर्भ वाटेतच गळालेला असतो.

डेसिबलची सरासरी

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा आवाज खाली करून सांगते. पीएचडीच्या पहिल्या वर्षी एका पोस्टरवर मी चार वर्गांच्या डेसिबलची सरळ बेरीज करून चारने भागलं होतं. एक निवृत्त प्राध्यापक पोस्टरसमोर थांबले आणि विचारलं, "बाळ, लॉगची सरासरी अशी काढतात का?" त्या दिवशी दुपारचं जेवण गेलं नाही.

डेसिबल हे लॉगॅरिदमचं माप आहे. दोन मशिनं ८०-८० डेसिबलची एकत्र चालली तर १६० होत नाहीत, ८३ होतात. तसंच, अर्धा वेळ ७० आणि अर्धा वेळ ९० असेल तर सरासरी ८० नसते, ती ८७ असते. कारण आधी ऊर्जेत बदलायचं, ऊर्जेची सरासरी काढायची, मग परत डेसिबलमध्ये यायचं. सात डेसिबलचा फरक म्हणजे परवानगीच्या वेळेत पाचपट फरक. म्हणजे पेपराचा निष्कर्षच उलटू शकतो. मीटरमध्ये समतुल्य पातळी देणारं बटण असतं, ते दाबलं तर हे सगळं तो स्वतःच करतो. पण बऱ्याच पेपरांत स्क्रीनवर हलणारा आकडा बघून पाच वेळा लिहून घेतलेला असतो.

पार्श्वभूमीचंही असंच. एअरोटर चालू असताना ७० आणि बंद असताना ६५ असेल, तर एअरोटरचा स्वतःचा आवाज ५ नाही, आणि ७० पण नाही. तो ६८ च्या जरा वर आहे. डेंटल कॉलेजच्या हॉलमध्ये एका ओळीत वीस खुर्च्या असतात, फरशी आणि भिंतीला टाइल्स असतात, आवाज इकडून तिकडे आपटत राहतो. तिथे "या एअरोटरचा आवाज इतका" असं सांगण्याआधी शेजारच्या एकोणीस खुर्च्यांचं काय केलं, ते सांगावं लागेल.

मायक्रोफोन कुठे ठेवला होता?

मोकळ्या जागेत छोट्या स्रोतापासून अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. एका पेपरात मीटर १५ सेंमीवर, दुसऱ्यात ३० सेंमीवर, तिसऱ्यात एक मीटरवर. मग "आमचे निष्कर्ष त्यांच्यापेक्षा वेगळे आले" म्हणून चर्चेत दोन परिच्छेद. वेगळे येणारच!

त्याहून महत्त्वाचं, कान कुणाचा? मुलाचं तोंड आणि मुलाचा कान यांत बोटभर-वीतभर अंतर, डॉक्टरांचा कान त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब. समजा एक १२ सेंमी आणि दुसरा ३६ सेंमी, तर नुसत्या अंतरामुळे साडेनऊ डेसिबलचा फरक पडू शकतो. प्रत्यक्षात डोकं, गाल, हात मध्ये येतात, म्हणून मोजूनच बघावं लागतं. "मुलांची श्रवणसुरक्षा" असं शीर्षक देऊन मीटर ट्रायपॉडवर डॉक्टरांच्या खांद्याशी ठेवलेला असेल, तर शीर्षक आणि मोजमाप यांची भेटच झालेली नाही.

मोबाईलच्या ॲपबद्दल वेगळं सांगायला नको. फोनचा माईक बोलण्यासाठी बनवलेला असतो, मोठा आवाज तो स्वतःहून दाबतो, आणि प्रत्येक मॉडेल वेगळं. वर्गात दाखवायला ॲप ठीक आहे. पेपरासाठी कॅलिब्रेटर लावून तपासलेला मीटर हवा. मोजण्याच्या आधी आणि नंतर १,००० हर्ट्झला ९४ डेसिबल देणारा तो छोटा कॅलिब्रेटर लावला का, हे एक वाक्य पद्धतीच्या भागात शोधा. नसलं तर पुढचे आकडे मिठाच्या चिमटीने घ्या.

एन = ३०, पण खरंच?

"प्रत्येक उपकरणाची ३० मोजमापं घेतली." ३० हा आकडा आपल्याकडे फार लाडका आहे. पण एकाच एअरोटरचा आवाज ३० वेळा मोजला, तर तुमच्याकडे ३० एअरोटर आले नाहीत. एकच आला, त्याच्याकडे तुम्ही ३० वेळा बघितलं. एकाच माणसाची उंची ३० वेळा मोजून "महाराष्ट्रातल्या पुरुषांची उंची" सांगण्यासारखंच हे. अशा डेटावर टी-टेस्ट लावली की पी-व्हॅल्यू झकास येते, कारण एकाच वस्तूच्या मोजमापांत फरक नगण्य असतो. मग "जुना एअरोटर नव्यापेक्षा लक्षणीयरीत्या जास्त आवाज करतो" हे वाक्य येतं. खरं तर म्हणता येतं एवढंच, की *हा* जुना एअरोटर *त्या* नव्यापेक्षा जास्त आवाज करतो. बेअरिंग झिजलं असेल, तेल घातलं नसेल, हवेचा दाब जास्त असेल.

सॅम्पल साईज ठरवताना आधी स्वतःला विचारा: माझं एकक कोण? एअरोटर? दवाखाना? मूल? डॉक्टर? याचं उत्तर मिळाल्याशिवाय स्टॅटिस्टिक्सच्या माणसाकडे जाऊ नका, तो बिचारा तुम्ही सांगाल त्या एककाचा आकडा काढून देईल.

मीटरला जे ऐकू येत नाही

इथपर्यंत चुका हिशेबाच्या होत्या. आता जरा अवघड भाग.

एक: हाडातून जाणारा आवाज. बर दाताला लागला की कंपन दातातून जबड्यात, जबड्यातून कवटीत आणि तिथून थेट अंतर्कर्णात जातं. हवेतून गेलंच पाहिजे असं नाही. आपल्याला स्वतःचं कुरकुरीत चकली चावणं शेजाऱ्यापेक्षा मोठं ऐकू येतं ते यामुळेच. हवेत लटकवलेल्या मायक्रोफोनला याचा पत्ताच लागत नाही. खुर्चीवरच्या मुलासाठी आणि खुर्चीशेजारच्या डॉक्टरांसाठी हे दोन वेगळे आवाज आहेत, आणि साच्यातले पेपर दोघांना एकच आकडा देतात.

दोन: वरचे सूर. अल्ट्रासॉनिक स्केलर साधारण २५,००० हर्ट्झच्या वर कंप पावतो, तो भाग माणसाला ऐकू येत नाही. आपल्याला ऐकू येते ती पाण्याच्या फवाऱ्याची आणि कंपनातून तयार होणाऱ्या खालच्या सुरांची कर्कश. वय वाढतं तसे वरचे सूर ऐकू येणं कमी होत जातं. त्यामुळे जो अतितीक्ष्ण आवाज पन्नाशीच्या डॉक्टरांना जाणवतही नाही, तो सहा वर्षांच्या मुलाला स्वच्छ ऐकू येत असू शकतो. "काही आवाज नाहीये बाळा" असं मोठ्या माणसाने सांगणं आणि मुलाने कान झाकणं, दोघंही खरंच बोलत असतात.

तीन: "मुलांची कर्णनलिका लहान म्हणून धोका जास्त" हे वाक्य. तान्ह्या बाळाच्या नलिकेत वरचे सूर जास्त वाढतात हे बरोबर. पण हा फरक साधारण दुसऱ्या वर्षापर्यंत बराचसा भरून निघतो. पेडोच्या खुर्चीवर येणारी बहुतेक मुलं चार ते दहा वर्षांची. तान्ह्या बाळाचं वाक्य त्यांना चिकटवताना कुणी थांबत नाही.

चार, आणि हे सगळ्यात मोठं. मी बहिणीला विचारलं, "तुझ्या डिपार्टमेंटमधला सगळ्यात मोठा आवाज कुठला?" ती क्षणभरही न थांबता म्हणाली, "रडण्याचा."

सगळ्या पेपरांत उपकरणांची यादी होती. रडण्याचा रकाना मला कुठे सापडला नाही. काही ठिकाणी तर "रडणाऱ्या मुलांची मोजमापं वगळली" असं होतं. हातभर अंतरावर मोठ्याने रडणाऱ्या मुलाचा आवाज ९० च्या वर जाऊ शकतो. आता हिशेब करू, आकडे माझे, समजण्यापुरते. डॉक्टरांच्या कानाशी एअरोटर ८० डेसिबल, दिवसात २ तास. निऑशच्या नियमाने ८० ला साधारण २५ तास चालतात, म्हणजे वाटा ८ टक्क्यांच्या आसपास. रडणं ९४ डेसिबल, दिवसभरात सगळं मिळून फक्त २० मिनिटं. ९४ ला परवानगी १ तास, म्हणजे वाटा ३३ टक्के. वीस मिनिटांचं रडणं दोन तासांच्या एअरोटरच्या चौपट भारी. जो पेपर रडणं वगळतो, तो पेडोच्या डॉक्टरांच्या आणि असिस्टंटच्या डोसचा मोठा भागच वगळतो.

मग खरा प्रश्न कुठला?

मग बहिणीने एक प्रसंग सांगितला. पाच वर्षांचा मुलगा. इंजेक्शनला रडला नाही. दाखवलेला आरसा, फुंकर मारणारी सिरिंज, सगळं नीट बघितलं. पण एअरोटर सुरू झाला आणि त्याने दोन्ही हात वर नेले. तोंड झाकलं नाही, कान झाकले. मग रडायला लागला. "आणि आम्ही त्याला फ्रँकल दोन दिलं," ती म्हणाली. फ्रँकल ही १९६२ पासून वापरात असलेली मुलांच्या वागण्याची चार पायऱ्यांची मोजपट्टी. दोन म्हणजे असहकार. का, ते लिहायला तिथे जागा नाही.

पेडोमध्ये शिकवलं जाणारं सगळ्यात मूलभूत तंत्र म्हणजे "सांगा, दाखवा, करा". ॲडलस्टन यांनी ते १९५९ मध्ये मांडलं. त्यातला पहिला शब्द सांगा. माझ्या वर्गखोल्यांच्या कामात रोज दिसतं की लहान मुलांना बोलणं नीट कळायला ते आजूबाजूच्या आवाजापेक्षा बरंच वर, साधारण १५ डेसिबल वर, असावं लागतं. नेहमीचं बोलणं एक मीटरवर ६० च्या आसपास. एअरोटर ८० ला. म्हणजे पंधरा वर असायच्या ऐवजी बोलणं वीस खाली आहे. वर डॉक्टरांच्या तोंडाला मास्क, ओठ दिसत नाहीत. "झालंच, बाळा, अजून पाच मोजू" हे वाक्य मुलापर्यंत पोचतच नाही. उलटही खरं: मुलाचं कण्हणं डॉक्टरांपर्यंत पोचत नाही.

आता साखळी बघा. उपकरणाच्या आवाजात बोलणं बुडतं, मूल घाबरतं, मूल रडतं, आणि त्या रडण्याचा डोस डॉक्टर आणि असिस्टंट वर्षानुवर्षं घेतात. मुलाचं नुकसान कानाचं नसेलही. ते नुकसान असं असू शकतं की पुढची दहा वर्षं ते दवाखान्याची पायरी चढणार नाही. आणि कानाचं नुकसान असेल तर ते ज्याला कुणी मोजत नाही त्या असिस्टंटचं असू शकतं. साच्यातला पेपर या दोघांकडेही बघत नाही. तो विचारतो "८५ च्या वर की खाली?" आणि घरी जातो.

उपाय सुचवतानाही तेच. "मुलांना हेडफोन द्यावेत." कुठले? आवाज रद्द करणारे इलेक्ट्रॉनिक हेडफोन खालच्या सुरांवर चांगले चालतात, साधारण १,००० हर्ट्झच्या खाली. एअरोटरची शिट्टी त्याच्या बरीच वर आहे, तिला गादीचे साधे इअरमफ जास्त अडवतात. कान बंद केले की हाडातून येणारे खालचे सूर उलट मोठे वाटतात, म्हणजे मायक्रोमोटरची घरघर वाढल्यासारखी वाटू शकते. हेडफोनवर कार्टून मोठ्याने लावलं तर तोच आवाज एअरोटरच्या वर जाईल. आणि कान झाकलेल्या मुलाला "सांगायचं" कसं? दुसरीकडे, आवाजच न करणारे मार्ग पेडोत आधीपासून आहेत: हातातल्या अवजारांनी कीड काढून दात भरण्याची एआरटी पद्धत, जी ऐंशीच्या दशकात टांझानियात आकाराला आली, किडीवर लावायचं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, न कोरता स्टीलची कॅप बसवण्याची हॉल पद्धत. प्रत्येक दाताला ती चालत नाहीत. पण त्यांची तुलना करताना आवाज हा एक निकष म्हणून धरला, तर तो खरा अभ्यास होईल.

सिनॉप्सिसचं काय झालं

शीर्षक बदलता आलं नाही. तिचे गाईड म्हणाले, विषय मंजूर आहे, त्याला हात लावू नकोस. पण उद्दिष्टं बदलता आली. आम्ही तीन लिहिली: मुलाच्या, डॉक्टरांच्या आणि असिस्टंटच्या कानाशी पूर्ण दिवसाचा डोस, रडण्यासकट, वेळेच्या नोंदीसह, एअरोटर चालू असताना सूचना मुलाला किती कळतात, आणि कान झाकण्यासारख्या खुणा नोंदवून वागण्याची मोजपट्टी. गाईडनी दुसरं कापलं, "एमडीएसला एवढं पुरे" म्हणाले. पहिलं आणि तिसरं राहिलं. मला वाटतं, त्यांचंही चूक नाही. तीन वर्षांत पेशंट सांभाळून एवढंच होतं. कापलेलं उद्दिष्ट तिने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय.

तुम्ही तुमचा सिनॉप्सिस द्यायच्या आधी पाच प्रश्न स्वतःला विचारा आणि उत्तरं कागदावर लिहा:

१. ज्या मर्यादेशी मी तुलना करणार आहे ती कुणासाठी, किती वेळासाठी आणि किती धोका मान्य करून ठरवली आहे? मूळ कागद मी वाचलाय का?

२. मी मोजतोय ती राशी सरळ बेरीज-भागाकाराने सरासरी होते का?

३. माझं एकक कोण? माझं "एन" खरंच तेवढं आहे का?

४. माझं उपकरण काय पकडू शकत नाही? आणि मी सोयीसाठी काय वगळलंय?

५. उत्तर "वर" आलं किंवा "खाली" आलं, तरी त्यामुळे कुणाचं काय बदलणार आहे?

पाचव्याचं उत्तर "जनजागृती" असं येत असेल, तर तासभर थांबा आणि ज्यांच्यासाठी हे संशोधन आहे त्यांच्यातल्या एकाशी बोला. मी बारा पेपर वाचून जे शोधत होते, ते माझ्या बहिणीने एका शब्दात सांगितलं होतं, आणि त्या मुलाने तर एकही शब्द न बोलता.